१ लाख ४२ हजार किलोमीटरला घेतलेली गाडी आणि तिचा वॉटर पंप

माझी डिझेल हॅचबॅक २०१३ची आहे. १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेले असताना मी ती दुसऱ्या हातची घेतली. आज आकडा २ लाख ६० हजारांच्या पुढे आहे. घेतल्यावर काही महिन्यांतच वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा पंप, आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांच्या तोंडची ‘वॉटर बॉडी’, बदलावा लागला. त्या वेळी बसवलेला पंप अजून कोरडा ठणठणीत आहे. या सगळ्या काळात पंपाला मी हात लावलेला नाही. जे केलं ते कूलंटचं, म्हणजे त्या पाण्याचं आणि त्यात मिसळायच्या गंजरोधक द्रवाचं केलं, आणि पंपाचं आयुष्य तिथेच ठरतं असं माझं ठाम मत झालंय. म्हणून काय काय केलं ते सविस्तर लिहितो.

मी सोलापूर जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. गाळप सुरू असताना दर पाळीला बॉयलरचं पाणी तपासणं हे आमचं रोजचं काम. कठीणपणा किती (म्हणजे पाणी किती जड), पीएच (आम्ल की अल्कधर्मी) किती, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) किती, कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात, साखरेचा अंश आलाय का, हे सगळं बघितल्याशिवाय थेंबभर पाणी बॉयलरला जात नाही. कारण क्षार ट्यूबवर बसले की उष्णता अडते, ट्यूब तापते आणि शेवटी फुटते. गाडीचं इंजिन म्हणजे बॉयलर नव्हे, पण तिथेही तापलेल्या धातूवरून पाणीच फिरतं. आणि आमच्या भागात त्या पाण्याची कोणी चौकशीच करत नाही. रस्त्याकडेच्या बोअरला पाइप लावायचा आणि रेडिएटर भरायचा, ही सर्रास पद्धत.

गाडी घेतली तेव्हा रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं. आत हिरवं, गुलाबी असं काहीच नव्हतं. चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि झाकणाच्या खालच्या बाजूला तपकिरी गाळ चिकटलेला. आधीचे मालक म्हणाले, “पाणी थोडं कमी होतं, महिन्याला एखादी बाटली टाकावी लागते. बाकी गाडीला काही त्रास नाही.” बंद वर्तुळात फिरणारं पाणी महिन्याला एक बाटली कमी होत असेल तर ते कुठे तरी जातंय. ते कुठे जातंय हे शोधणं पहिलं काम होतं.

शोध मी घरच्या घरी सुरू केला. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारली. गरम इंजिनवर पातळी बघण्याला अर्थ नसतो, पाणी तापून फुगलेलं असतं. आठवड्यात पातळी बोटभर खाली गेली. होसच्या क्लिपा कोरड्या, रेडिएटर कोरडा, गाडीच्या आत पायाखालचं कार्पेट कोरडं, म्हणजे हीटर कोअर, गाडीत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर, तोही ठीक.

मग मनात भीती आली हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगची. गॅस्केट गेली असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आणि तिथून पाणी बाहेर ढकललं जातं. याची तपासणी करणारं किट बाजारात मिळतं, पण त्यात असतं ते ब्रोमोथायमॉल ब्लू, आणि ते तर आमच्या रॅकवरच होतं. छोट्या काचेच्या नळीत त्याचं निळं द्रावण घेतलं, रेडिएटरमधलं पाणी थोडं कमी केलं, इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावरची हवा रबरी फुग्याने त्या द्रावणातून ओढली. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. डिझेल इंजिनमध्ये नुसत्या आयडलला हा वायू कमी असतो, म्हणून एकाने ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायचा. रंग निळाच राहिला. गॅस्केट शाबूत होती आणि मोठ्या खर्चाची भीती गेली.

उरला पंप. माझ्या गाडीत तो टायमिंग बेल्टच्या कव्हरआड लपलेला नाही, बाहेरच्या पट्ट्यावर चालतो. पुलीच्या मागे, पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. पंपाच्या सीलमधून पाणी निसटलं तर ते बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर पडावं, अशी ती सोय. फोनचा कॅमेरा खालून आत घातला आणि फोटो काढला. भोकापासून खाली ओघळाची पांढरी-तांबूस रेघ वाळून घट्ट बसली होती. नुसता पुसट डाग असेल तर घाबरायचं कारण नाही, नव्या पंपातही सुरुवातीला सील बसेपर्यंत किंचित पाझर होतो. म्हणून मी तो डाग ब्रशने घासून साफ केला आणि पुन्हा गाडी चालवली. अकलूज ते पुणे, येताना हडपसरहून दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, बारामती. घरी आल्यावर बघितलं तर भोक ओलं होतं.

मिस्त्रींनी पट्टा काढला आणि पुली दोन बोटांत धरून हलवली. किंचित खट् खट् असा खेळ जाणवला. “साहेब, हिचं बेअरिंग पण गेलंय. आता कूलंट टाका नायतर अमृत टाका, ही वॉटर बॉडी राहायची नाही.” आणि ते खरंच होतं. गळायला लागलेलं सील कूलंटने भरून येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कूलंट पंपाचं आयुष्य वाढवतं ते पंप धड असतानाच. गळतीवर पावडर टाकणं, किंवा आपल्याकडे रेडिएटरमध्ये चक्क हळद टाकतात तसलं काही करणं, हे रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटर कोअर तुंबवतं आणि तोच गाळ सीलच्या तोंडाशी जातो. रस्त्यात अडकलेल्या माणसाने घरापर्यंत पोचायला केलं तर समजू शकतो, पण त्यानंतर ते सगळं धुऊन काढायलाच हवं.

काढलेला पंप मी भंगारात जाऊ दिला नाही. लॅबमध्ये नेऊन करवतीने उघडला. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शिकवणारा भाग होता.

पंपाचं सील म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या दोन सपाट चकत्या. एक सहसा कार्बनची, दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. एक स्थिर असते, दुसरी शाफ्टबरोबर मिनिटाला हजारो फेरे फिरते. दोघींच्या मध्ये कूलंटचाच एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. तोच त्यांना वंगण देतो आणि तोच थंड ठेवतो. वेगळं तेल किंवा ग्रीस तिथे नसतं. या पापुद्र्यात जे विरघळलेलं असेल ते चकत्यांच्या मधोमध येणार. पाणी जड असेल तर गरम चकतीवर त्यातला कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतो, खडे जमतात आणि चकती ओरखडते. माझ्या पंपातल्या सिरॅमिक चकतीवर गोल गोल खाचा होत्या, नखाला लागतील इतक्या. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर गच्च बसला होता. ज्या स्प्रिंगने झिजलेल्या चकतीला पुढे ढकलायचं, तीच जागच्या जागी थिजलेली. बेअरिंगमधलं ग्रीस धुपून तपकिरी झालेलं. म्हणजे आधी सील ओरखडलं, मग पाणी बेअरिंगकडे गेलं, बेअरिंगला खेळ आला, शाफ्ट डगमगू लागला आणि त्या डगमगीने उरलंसुरलं सील संपवलं.

पंपाच्या आतल्या, पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यांच्या कडांवर बारीक बारीक खड्डे होते. हा गंज वाटतो, पण कडांवरच आणि खडबडीत चाळणीसारखे असतील तर ते बहुधा बुडबुड्यांचं काम असतं. पंपाच्या शोषण्याच्या बाजूला दाब कमी होतो, तिथे गरम पाणी जागेवरच उकळून बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढला की ते धातूवर फुटतात. प्रत्येक फुटण्याचा तडाखा इवलासा, पण तो सतत बसत राहतो. बुडबुडे होऊ नयेत म्हणून तर यंत्रणेत दाब ठेवलेला असतो, आणि तो दाब धरतं कोण, तर रेडिएटरचं झाकण. माझ्या झाकणावर १.१ असा आकडा होता, म्हणजे साधारण १.१ बार. त्याचं रबर मात्र चिरलेलं होतं. झाकण बिघडल्याचा दुसरा पुरावाही समोर होता. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा वरचा होस सकाळी चपटा झालेला दिसायचा. झाकणात दोन वॉल्व्ह असतात, एक जादा दाब सोडणारा आणि एक थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत घेणारा. दुसरा अडकला की आत निर्वात होतो आणि होस चपटा पडतो. दोन-तीनशे रुपयांचं झाकण बदलायला कोणी सुचवत नाही, कारण ते बिघडल्याचं सहज लक्षात येत नाही. जुन्या गाडीत मी पंपाआधी झाकण बदलेन, इतकं ते महत्त्वाचं वाटतं मला.

आता पाण्याकडे वळतो. जुन्या पाण्याचा नमुना मी आधीच काढून ठेवला होता. पीएच ७.४ आला. पट्टी बुडवून बघणारा म्हणेल, उत्तम आहे. पण द्रावणाचा दाटपणा मोजणाऱ्या आमच्या ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर ते जेमतेम ४ आलं, म्हणजे त्यात ग्लायकॉल, कूलंटचा मुख्य घटक, नावापुरतं होतं. जवळजवळ सगळं बोअरचं पाणीच होतं, आणि बोअरचं पाणी मुळातच अल्कधर्मी असल्याने पीएच बरा दिसत होता. मग गॅरेजमधल्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन ईडीटीएने टायट्रेशन केलं. कठीणपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या मानकात २०० ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही कमाल मर्यादा आहे. मोठी डिझेल इंजिनं बनवणारी कॅटरपिलर कंपनी कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्यासाठी कठीणपणा १७०, क्लोराइड ४०, सल्फेट १०० आणि एकूण क्षार ३४० मिलिग्रॅमपर्यंतच चालवून घेते. क्लोराइडचं इतकं भय का, तर ॲल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचा जो संरक्षक थर असतो तो क्लोराइड फोडतो आणि तिथून खड्डा पडायला सुरुवात होते.

चांगलं कूलंट जड पाण्यात मिसळलं तर दुहेरी नुकसान. त्यातली फॉस्फेटं आणि सिलिकेटं ही गंजरोधक द्रव्यं कॅल्शियमला धरून गाळ होऊन खाली बसतात. म्हणजे संरक्षण गेलं ते गेलं, वर सीलला घासायला खडे मिळाले. युरोपातल्या उत्पादकांनी फॉस्फेट टाळलं त्यामागे तिकडचं जड पाणी हे एक कारण आहे. जपानी उत्पादकांनी उलट सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं, त्यात पंपाच्या सीलची काळजी हा मुद्दा होता. म्हणून बाटलीतल्या रंगावर जाऊ नये. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग कंपन्या आपल्या मर्जीने घालतात. मागच्या लेबलवर आयएस ५७५९ हे भारतीय किंवा जेआयएस के २२३४ हे जपानी मानक असं काही लिहिलंय का आणि आपल्या गाडीच्या मॅन्युअलने कोणत्या जातीचं सांगितलंय, हे जुळलं पाहिजे. दोन वेगळ्या जाती मिसळल्या तर गंजरोधकांची ताकद घटते, आणि काही जोड्यांत जेलीसारखा गाळ धरतो.

पाणी मी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, वापरलं. बॅटरीचं पाणी म्हणून पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं तेच. कारखान्यात कंडेन्सेट फुकट मिळत असताना विकत का आणायचं, असं सहकाऱ्यांनी विचारलं. पण उसाच्या रसाच्या वाफेच्या कंडेन्सेटमध्ये अमोनिया असतो, आणि कधी कधी साखरेचा अंशही येतो, तो आम्ही अल्फा नॅफ्थॉलने रोज तपासतो. अमोनिया तांब्या-पितळेला खातो. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरांना ते नकोच. एसीचं गळणारं पाणी साठवून वापरणारेही आहेत. त्यात क्षार कमी असले तरी कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन आलेली असते. शंभर रुपयांच्या कॅनसाठी ही जोखीम मला पटत नाही.

पंप बसवण्याचं काम मिस्त्रींनी केलं, मी शेजारी उभा होतो. जुनी पॅकिंग खरवडून जागा स्वच्छ करणं हे कंटाळवाणं काम त्यांनी मन लावून केलं. पॅकिंगला सिलिकॉन फासायला निघाले तेव्हा मी त्यांना थांबवलं. नव्या पंपाबरोबर ओ-रिंग आली होती, तिला सिलिकॉन लागत नाही. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला लोळी होऊन सुटतं आणि रेडिएटरच्या नळीत किंवा पंपात अडकतं. मिस्त्री म्हणाले, “वीस वर्षं लावतोय साहेब, पण तुमची गाडी, तुम्ही म्हणाल तसं.” आणि न लावताच बसवलं.

त्याच वेळी थर्मोस्टॅटचं, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचं, घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. आपल्याकडे गाडी तापली की ‘वॉल काढून टाका’ हा ठरलेला इलाज, वॉल म्हणजे हाच थर्मोस्टॅट. वॉल काढला की इंजिन हिवाळ्यात कधीच पूर्ण तापत नाही, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये ओलावा राहतो. आणि बायपासचा मार्ग बंद करणारा थर्मोस्टॅट असेल तर तो काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला टाळून तसाच पुन्हा इंजिनात फिरतो, म्हणजे उन्हाळ्यात तापण्याची भीती उलट वाढते. मी ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र घेतलं होतं, त्यावर हायवेला पाण्याचं तापमान ६४ अंश दिसत होतं आणि मला ते कोडं पडलं होतं. डॅशबोर्डचा काटा मात्र निर्विकार, कारण बहुतेक गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मधोमधच उभा राहील असा बसवलेला असतो. नवा थर्मोस्टॅट घातल्यावर तापमान ८८ ते ९२मध्ये स्थिरावलं.

पाण्याची यंत्रणा आतून धुण्याचं गणित मात्र प्रत्येकाने आपापल्या गाडीचं मांडावं. माझ्या गाडीत एकूण साधारण ६ लिटर मावतं. रेडिएटरचा खालचा कॉक उघडला की निम्मंच बाहेर येतं, उरलेलं ब्लॉक आणि हीटरमध्ये राहतं. म्हणजे एकदा काढून भरलं तर जुनं ५० टक्के उरतं, पुन्हा केलं की २५, मग साडेबारा. प्रत्येक वेळी डीएम पाणी भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, थंड होऊ द्यायचं आणि काढायचं. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत मी हे करत राहिलो. ॲसिडने साफ करायचा मोह टाळला. इतक्या जुन्या रेडिएटरचा थर ॲसिडने सुटला तर त्याखालचं ॲल्युमिनियम किती उरलंय हे आधी कळत नाही.

यातली एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी निसटताना पाहतो. शेवटचं पाणी काढल्यावर ब्लॉकमध्ये ३ लिटर साधं डीएम पाणी शिल्लक असतं. अशा वेळी बाजारातलं तयार मिश्रण भरलं तर ५० टक्क्यांचं होतं २५, आणि गंजरोधकही त्याच प्रमाणात निम्मे. म्हणून धुतल्यानंतर भरताना कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्यावं. मी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट ओतलं आणि ५०-५० झालं. खात्री कशी केली, तर त्याच बाटलीतल्या कूलंटची ३०, ४० आणि ५० टक्क्यांची मिश्रणं करून रिफ्रॅक्टोमीटरवर तिन्हींचे आकडे आधी लिहून ठेवले होते, त्यावर गाडीतला नमुना ताडून पाहिला. घरी करणाऱ्यांसाठी कूलंटचा रिफ्रॅक्टोमीटर हजार-बाराशेला मिळतो, तो गोठणबिंदू दाखवतो. ५० टक्क्यांना उणे ३७च्या आसपास दिसायला हवं. सोलापुरात काय गोठणार, असं लोक म्हणतात. पण ग्लायकॉलच्या टक्क्याबरोबर गंजरोधकाचा टक्काही बांधलेला असतो, आणि उत्कलनबिंदूही वर जातो, हे इथे मे महिन्यात ४३-४४ अंशांत कामाला येतं. मात्र आणखी दाट केलं तर आणखी चांगलं असं नाही. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

नव्या पंपाच्या बाबतीत मी हट्टाने एक पाळलं. पाणी भरल्याशिवाय इंजिनला चावी लावू दिली नाही. ‘जरा पट्टा कसा चालतो बघू’ म्हणून मिनिटभर कोरडा फिरवलेला पंप आपलं सील तिथेच भाजून घेतो, कारण मघाशी सांगितलेला पापुद्राच नसतो. भरताना सावकाश ओतलं, वरचा होस हाताने दाबत हवा काढली, झाकण उघडं ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवलं. खालचा होस गरम झाला आणि एसीच्या जाळीतून गरम हवा आली, तेव्हा हवा निघाल्याचं समजलं. हवेचा फुगा पंपापाशी अडकला तरी सील कोरडंच पडतं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी थोडी खाली गेली होती, ती भरली.

पट्ट्याचं टेन्शन माझ्या गाडीत बोल्ट फिरवून द्यावं लागतं. पट्टा ओरडू नये म्हणून गॅरेजमध्ये तो तारेसारखा ताणतात आणि तो सगळा जोर पंपाच्या बेअरिंगवर एका बाजूने बसतो. मॅन्युअलमध्ये अंगठ्याने दाबल्यावर पट्टा किती दबावा ते मिलिमीटरमध्ये दिलंय, तेवढंच ठेवलं. ओरडणारा पट्टा दर वेळी सैलच असतो असं नाही, अनेकदा तो झिजलेला असतो. तो बदलला.

मल्टिमीटरची एक तपासणीही केली. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन धातूला न लावता रेडिएटरच्या तोंडातून फक्त कूलंटमध्ये. दिवे, पंखा, एसी सगळं लावून बघायचं. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर कुठलं तरी अर्थिंग खराब आहे आणि वीज कूलंटमधून वाट काढतेय. अशी वीज ॲल्युमिनियम झपाट्याने खाते, कूलंट कितीही भारी असो. माझ्याकडे पंखा लागला की आकडा उडी मारायचा. इंजिनची अर्थची जाड वायर गंजली होती, घासून पुन्हा घट्ट बसवली आणि आकडा खाली आला.

काढलेलं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री, मांजरं ते चाटतात, लहान मुलांचंही तेच भय. आमच्याकडे गावभर जनावरं फिरतात. मी ते बंद कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ लिहून, कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया विभागाकडे विचारून दिलं.

त्यानंतरचा दिनक्रम साधा आहे. आठवड्यातून एकदा सकाळी बाटलीची पातळी. सर्व्हिसिंगच्या वेळी भोकाचा फोटो, मागच्या फोटोशी ताडून. गाळप संपल्यावर, कारखान्याची यंत्रं उघडली जातात तेव्हाच, कूलंटचा नमुना लॅबमध्ये. भरलं तेव्हा पीएच ८.४ होता, दोन वर्षांत तो ७.६वर आला. ग्लायकॉल उष्णतेने आणि हवेने हळूहळू आम्लं तयार करतं आणि गंजरोधक ती पचवत राहतात. ती राखीव ताकद संपली की पीएच घसरतो. रिफ्रॅक्टोमीटर तेव्हाही ५० टक्केच दाखवत होता, कारण ग्लायकॉल जागेवरच असतं, संपतात ते गंजरोधक. म्हणून नुसत्या दाटपणावर विसंबू नये. काही लाँग लाइफ कूलंटांचा पहिला टप्पा फार मोठा असतो, टोयोटाच्या गुलाबी कूलंटचा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. पण तो नव्या, कारखान्यातून स्वच्छ निघालेल्या इंजिनसाठी. ज्या इंजिनच्या आत आधीचे क्षार आणि गंज थोडा तरी शिल्लक आहे, तिथे मी दोन वर्षं किंवा ४० हजार यापुढे जात नाही. खर्च म्हणावा तर कूलंट, पाणी आणि मिस्त्रींची मजुरी मिळून नव्या पंपाच्या निम्म्यातही भागतो.

चालवण्यात एवढाच बदल केलाय की घाट चढून किंवा हायवेवरून आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर आयडलला ठेवतो. पंप थांबला की ब्लॉकमधली उष्णता जिथल्या तिथे साचते, सीलच्या आसपासही. आणि इंजिन तापलेलं असताना झाकण उघडत नाही, गार पाणी तर अजिबात ओतत नाही. अंगावर वाफ येते ते वेगळंच, पण तापलेल्या सिरॅमिक चकतीला आणि हेडला तो धक्का सोसत नाही.

मला विचारतात की आता अडीच लाखांच्या वर गेली, तर पंप आधीच बदलून का टाकत नाही. ज्यांच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालतो त्यांनी बेल्टबरोबर तो बदलावाच. तिथे पंप जॅम झाला तर बेल्ट तुटू शकतो आणि अनेक इंजिनांत त्यापाठोपाठ वॉल्व्ह वाकतात, आणि मजुरीही एकाच वेळची लागते. माझा पंप बाहेर आहे, अर्ध्या दिवसात निघतो, भोक डोळ्यांनी दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात कूलंट बदलताना पट्टा निघणारच आहे. तेव्हा पुली हाताने फिरवून आणि हलवून बघेन. खरखर किंवा खेळ असला तर त्याच दिवशी नवा बसेल, नसला तर हाच राहील.